लोखंडी पुलांचे शेंदरी अस्तर

कल्याणचा जुना पत्रीपूल १९१४ मध्ये उभा राहिला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये मेगाब्लॉक घेऊन उतरवला गेला. या शंभरावर वर्षांत लोखंड टिकवण्यासाठी जगभर ज्या अस्तरावर भिस्त होती, ते रेड लेड याच काळात मानाच्या जागेवरून खाली आले. रेड लेड म्हणजे शिशाचे ऑक्साइड. देवळातला पारंपरिक शेंदूरही तोच.

शिसे हवेत भाजले की पिवळसर मुरदाडशिंग तयार होते. ते साधारण ४५० ते ४८० अंश सेल्सिअसला तासन्‌तास हलवत भाजले की नारिंगी-लाल पूड मिळते. शिशाचे ३ आणि ऑक्सिजनचे ४ अणू अशी तिची घडण. वजनाला ती पाण्याच्या आठपट. जवसाच्या तेलात घोटली की तेलातल्या आम्लांशी संयोग होऊन शिशाचे साबण बनतात. त्यामुळे थर चिवट होतो आणि त्यातून सुटणारे घटक लोखंडाच्या अंगावरच गंज रोखून धरतात. पूर्ण न निघालेल्या गंजावरही हा रंग धरतो. उघड्यावर, शिडीला लटकून काम करणाऱ्या रंगाऱ्याला हा मोठाच आधार होता.

आपल्या ठाणे-कल्याण भागाला अशा रंगाची गरज पहिल्यापासूनच होती. १८५३ मध्ये रेल्वे ठाण्यापर्यंत आली, १८५४ मध्ये खाडी ओलांडून कल्याणला पोचली. खाडीचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत उघडे लोखंड तग धरत नाही. रेल्वेच्या पूल-नियमावलीतही रेड लेडच्या प्रायमरला जागा मिळाली, त्यासाठी आयएस १०२ हे भारतीय मानक ठरले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले. वागळे इस्टेट, डोंबिवली इथे शेड, टाक्या, नळ वाढले. तेव्हा लोखंडी कामाला रेड लेडचा पहिला हात हा सर्वमान्य उपाय होता. आज खिडकीच्या ग्रिलला मारतात ते रेड ऑक्साइड वेगळे, ते लोखंडाचे ऑक्साइड. रंग जवळचा असला तरी त्यात शिसे मुळात नसते.

पुढे रेड लेड वेगळ्या वाटेने घराघरांत शिरले. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत डोंबिवलीत दुकानोदुकानी इन्व्हर्टर आले. त्यांच्या बॅटऱ्यांतल्या धन पट्ट्यांच्या मिश्रणात ही पूड वापरली जाते, पट्टी लवकर तयार व्हावी म्हणून. काच आणि चिनी मातीची झिलई हेही तिचे जुने उपयोग.

पण शिसे मज्जासंस्था, मूत्रपिंड आणि रक्त यांना अपाय करते, मुलांच्या मेंदूला सर्वाधिक. सुरक्षित अशी मात्रा ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे मूळचे शिशाचे रंग १९६५ ते १९९५ या काळात काढून तिथे जस्ताचे अस्तर दिले गेले. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग ठरवली. औद्योगिक रंग मात्र त्या नियमांच्या कक्षेबाहेर राहिले.

म्हणून आता खरी काळजी आहे ती जुने लोखंड मोडताना. ठाणे-कल्याण पट्ट्यात जुन्या शेडच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. शिशाचा थर असलेला गर्डर गॅस कटरने कापला की शिशाची वाफ थेट कामगाराच्या छातीत जाते. कोरडा घासला की धूळ कपड्यांबरोबर घरी, मुलांपर्यंत पोचते. थर ओला करून खरवडणे, कापण्याच्या रेषेवरचा रंग आधी काढणे, योग्य मुखपट्टी वापरणे आणि कामगारांच्या रक्तातले शिसे तपासणे, हे सारे तोडकामाच्या निविदेतच लिहिलेले असायला हवे. पुलाचे आयुष्य वाढवण्यासाठी आपण खर्च मोजत आलो, तो मोडणाऱ्या माणसांसाठीही मोजलाच पाहिजे.