बालपणाच्या कौटुंबिक नोंदी : स्वरूप, साधने आणि जतन

सारांश

मुलांच्या वाढीच्या काळातील प्रसंग कुटुंबाने लिहून, छायाचित्रित करून अथवा ध्वनिमुद्रित करून ठेवावेत व पुढे ते मुलांच्या स्वाधीन करावेत, ही प्रथा जुनी आहे. तथापि, तिचा मानसशास्त्रीय आधार, तिची साधने आणि तिच्या मर्यादा यांचा एकत्रित विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात बाल्यविस्मृतीची संकल्पना, पाश्चात्त्य रोजनिशीची व महाराष्ट्रातील मौखिक नोंदींची परंपरा, साधनांचे आयुष्य, नोंदींची सत्यता आणि मुलांचा अधिकार या मुद्द्यांचा ऊहापोह केला आहे.

बीजशब्द : बाल्यविस्मृती, कौटुंबिक रोजनिशी, जात्यावरच्या ओव्या, छायाचित्र, जतन, खाजगीपण.

प्रस्तावना

मनुष्याच्या आयुष्यातील पहिली सुमारे तीन वर्षे त्याच्या स्वतःच्या स्मरणात राहत नाहीत. पहिले पाऊल, पहिला शब्द, पहिले आजारपण या घटना ज्याच्या बाबतीत घडतात त्यालाच त्या आठवत नाहीत. त्यांचे साक्षीदार आई-वडील, आजी-आजोबा, मावशी-आत्या आणि शेजारीपाजारी असतात. काळाच्या ओघात हे साक्षीदार वृद्ध होतात, दुरावतात किंवा निवर्ततात. त्यांच्याबरोबर त्या मुलाच्या आयुष्याचा एक भाग कायमचा नाहीसा होतो. म्हणूनच बालपणाची नोंद हा हौसेचा विषय वाटला तरी प्रत्यक्षात ती व्यक्तीच्या आत्मचरित्रातील पहिल्या प्रकरणाची एकमेव प्रत असते.

बाल्यविस्मृती : संकल्पना

प्रौढ व्यक्तींना सांगता येणारी सर्वांत जुनी आठवण सरासरी तीन ते साडेतीन वर्षे वयाची असते, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यापूर्वीच्या काळाच्या या विस्मरणास बाल्यविस्मृती म्हणतात. मात्र लहान मुलांना त्या वयात काहीच आठवत नाही, असा याचा अर्थ नव्हे. तीन वर्षांचे मूल मागील दिवाळीतील प्रसंग सांगू शकते. ती आठवण पुढे टिकत नाही, एवढेच. पॅट्रिशिया बाऊर व मरिना लार्किना यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन वर्षांच्या वयात घडलेल्या घटनांविषयी मुलांना पुढे निरनिराळ्या वयांत विचारण्यात आले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक घटना आठवत होत्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली आले होते. म्हणजेच सातव्या वर्षाच्या आसपास आठवणींची मोठी गळती होते. मुलाच्या स्वतःच्या तोंडची आठवण नोंदवायची असेल तर ती या वयापूर्वीच नोंदविणे इष्ट ठरते.

आठवण टिकण्यात घरातील संभाषणाचाही वाटा असतो. रॉबिन फिवुश, एलेन रीझ आदी संशोधकांनी दाखविल्याप्रमाणे, जी आई मुलाशी घडलेल्या प्रसंगाविषयी सविस्तर बोलते, ‘मग काय झाले?’, ‘तुला काय वाटले?’ असे खुले प्रश्न विचारते, तिची मुले पुढे आपले अनुभव अधिक तपशिलाने सांगू शकतात. न्यूझीलंडमधील २००० सालच्या एका अभ्यासात माओरी प्रौढांची सर्वांत जुनी आठवण सरासरी पावणेतीन वर्षे वयाच्या सुमाराची आढळली. युरोपीय वंशाच्या प्रौढांपेक्षा हे वय कमी होते. माओरी समाजात भूतकाळाला व कुलवृत्तांताला असलेल्या महत्त्वाशी अभ्यासकांनी याचा संबंध जोडला आहे. यावरून केवळ नोंद करून कपाटात ठेवणे पुरेसे नाही, ती मुलासमवेत वारंवार उघडली गेली पाहिजे, हे स्पष्ट होते.

लिखित रोजनिशीची परंपरा

मुलांच्या वाढीची पद्धतशीर नोंद प्रथम अभ्यासाच्या हेतूने झाली. जर्मन तत्त्वज्ञ डीट्रिश टीडेमान यांनी आपल्या मुलाविषयीची निरीक्षणे १७८७ साली प्रसिद्ध केली. चार्ल्स डार्विन यांनी १८३९ च्या डिसेंबरमध्ये जन्मलेल्या विल्यम या ज्येष्ठ पुत्राविषयी टिपणे ठेवली आणि सुमारे ३७ वर्षांनी, १८७७ साली, ‘माइंड’ या नियतकालिकात त्यांच्या आधारे लेख लिहिला. बाळाचे पहिले खरे हसू ४५ व्या दिवशी दिसले, वर्षाचे झाल्यावर त्याने अन्नासाठी ‘मम्’ असा शब्द स्वतःच योजला, अशा नेमक्या नोंदी त्यात आहेत. मराठी घरातील ‘मंमं’ या शब्दाची येथे सहज आठवण व्हावी. पुढे क्लारा व विल्यम स्टर्न या दांपत्याने आपल्या तीन मुलांच्या रोजनिशा १९०० पासून सुमारे १८ वर्षे ठेवल्या. ज्याँ पियाजे यांनीही १९२५ ते १९३१ या काळात जन्मलेल्या आपल्या तीन अपत्यांच्या निरीक्षणांवर बुद्धिविकासाची मांडणी उभारली.

या नोंदींचे सामर्थ्य त्यांच्या तात्कालिकतेत आहे. डार्विन यांना ३७ वर्षांनंतर स्मरणावर विसंबावे लागले नाही. तारीख, वय आणि प्रत्यक्ष पाहिलेली कृती त्यांच्या टिपणात होती. ‘बाळ फार हुशार आहे’ या वाक्यापेक्षा ‘आज त्याने चेंडू उशीखालून शोधून काढला’ हे वाक्य पुढच्या वाचकाला अधिक काही देते. कौटुंबिक नोंदीसाठी हा धडा आजही उपयुक्त आहे.

महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्रातील कुटुंबांत लिखित रोजनिशीची प्रथा मर्यादित असली तरी बालपणाचे टप्पे लक्षात ठेवण्याची साधने विपुल होती. बारसे, उष्टावण, जावळ, बोरन्हाण हे विधी म्हणजे वाढीच्या वाटेवरील खुणाच होत. वाड्याच्या भिंतीवर किंवा दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या रेषा ओढल्या जात. बारशाला गायिल्या जाणाऱ्या पाळण्यात बाळाचे नाव गुंफले जाई.

यापेक्षाही मोठा ठेवा जात्यावरच्या ओव्यांचा आहे. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती अशा स्त्रियांनी दळण दळताना आपल्या तान्ह्या बाळाविषयी, सासरी गेलेल्या लेकीविषयी, मुलाच्या शाळेविषयी ओव्या रचल्या. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने ग्रामीण महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या अभिलेखागाराने त्या टप्प्याटप्प्याने प्रकाशित केल्या आहेत. पिठाच्या गिरण्या आल्यावर घरोघरचे जाते थांबले आणि ओवीचा प्रसंगच उरला नाही. नोंदीचे माध्यम ज्या श्रमाशी बांधलेले असते तो श्रम संपला की माध्यमही संपते, हे यावरून लक्षात येते.

शासकीय कागदपत्रांतही बालपणाची एक नोंद असते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची माहिती २१ दिवसांत देणे अपेक्षित आहे. माता व बाल संरक्षण कार्डावर लसीकरणाच्या तारखा आणि वजनाचा आलेख असतो. हा आलेख जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढमानकांवर आधारलेला आहे. लसीकरण संपताच अनेक घरांत हे कार्ड हरवते. वास्तविक मुलाच्या पहिल्या पाच वर्षांचा तो एक विश्वसनीय दस्तऐवज असतो.

साधने व त्यांचे आयुष्य

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टुडिओतील कृष्णधवल छायाचित्र, घरगुती कॅमेरा, ध्वनिफीत आणि चित्रफीत अशी साधने क्रमाने घरात आली. प्रत्येक साधन आले तेव्हा ते कायमस्वरूपी वाटले. प्रत्यक्षात चुंबकीय फितीचा थर काही दशकांत खराब होतो, आणि फीत चांगली राहिली तरी ती वाजविणारे यंत्र मिळेनासे होते. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. असे यंत्र बनविणारी ती शेवटची ज्ञात कंपनी होती. महाजालावरील साठाही यास अपवाद नाही. भारतात एके काळी लोकप्रिय असलेले ऑर्कुट हे संकेतस्थळ २००४ साली सुरू झाले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद पडले.

यावर उपाय साधा आहे. अंकीय छायाचित्रांच्या किमान तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर, दुसऱ्या गावी, ठेवावी. दर काही वर्षांनी त्या नव्या साधनावर उतरवून घ्याव्यात. निवडक छायाचित्रे कागदावर छापून घ्यावीत. चिकट पानांचे अल्बम टाळावेत, कारण त्यातील गोंद व प्लॅस्टिक यांमुळे छायाचित्रे खराब होतात. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख, ठिकाण व उपस्थितांची नावे लिहावीत. नाव नसलेले छायाचित्र दोन पिढ्यांत अनोळखी माणसांचे छायाचित्र बनते.

नोंदींची सत्यता

नोंद आठवणीला आधार देते, तशी ती आठवण घडवितेही. किम्बर्ली वेड व सहकाऱ्यांनी २००२ साली केलेल्या प्रयोगात २० प्रौढांना त्यांच्या बालपणाची छायाचित्रे दाखविण्यात आली. त्यांत गरम हवेच्या फुग्यातून केलेल्या सफरीचे एक बनावट छायाचित्र होते. अशी सफर कधीच घडलेली नसूनही काही मुलाखतींनंतर निम्म्या व्यक्तींनी ती पूर्णतः अथवा अंशतः आठवत असल्याचे सांगितले. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने छायाचित्रात बदल करणे अत्यंत सुलभ झाले असल्याने हा इशारा अधिक गंभीर ठरतो. अनुपस्थित आजोबांना मुलाच्या वाढदिवसाच्या छायाचित्रात बसविणे प्रेमापोटी घडू शकते. परंतु तशी टीप नसेल तर त्या मुलाच्या आठवणीत एक न घडलेला दिवस कायमचा वस्तीला येतो.

दुसरा दोष निवडीचा आहे. वाढदिवस, सहली आणि बक्षिसे यांचीच नोंद होते. आजारपण, परीक्षेतील अपयश, घरातील आर्थिक ओढाताण वगळली जाते. अशी नोंद वाचणाऱ्या मुलाला आपले बालपण निष्कलंक होते असे वाटते अथवा स्वतःची खरी आठवण खोटी वाटू लागते. दत्तक मुलांच्या बाबतीत तर प्रामाणिक नोंदीचे महत्त्व विशेष आहे. मूल घरी आले तो दिवस, त्याच्याबरोबर आलेले कपडे, संस्थेने दिलेली माहिती हे सर्व जसेच्या तसे जपणे हे त्याच्या ओळखीचा आदर करणे होय.

नोंदीतील विषमता

नोंद सर्वच मुलांच्या वाट्याला येत नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या काळात कोपीत राहणाऱ्या मुलांची शाळा तुटते आणि त्याबरोबर वजनाची, लसीकरणाची व हजेरीची साखळीही तुटते. ज्या मुलाचा सहा-सहा महिन्यांचा मागमूस कागदावर उरत नाही, त्याला पुढे शासकीय लाभाचा पुरावा देणे कठीण जाते आणि स्वतःची कहाणी सांगणेही. एकाच घरातसुद्धा पहिल्या अपत्याची छायाचित्रे भरपूर व धाकट्याची तुरळक असा प्रकार आढळतो. शाळेने प्रत्येक मुलासाठी एक साधी वही ठेवली, त्यात वर्षातून एकदा त्याची उंची, त्याचे अक्षर, त्याने सांगितलेला एक प्रसंग व एक छायाचित्र घेतले आणि शाळा सोडताना ती त्याच्या हाती दिली, तर ही उणीव अल्प खर्चात काही अंशी भरून निघू शकेल.

मुलांचा अधिकार

नोंद पालक करतात, पण ती ज्याच्याविषयी असते त्याची संमती नोंदीच्या वेळी घेता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या १६ व्या अनुच्छेदात मुलांच्या खाजगीपणाला संरक्षण दिले आहे. भारताने ही संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मात्र व्यक्तीने वैयक्तिक अथवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. परिणामी घरातील नोंदीबाबतचा विवेक कुटुंबालाच पाळावा लागतो. मुलासाठी जपलेली नोंद आणि इतरांना दाखविण्यासाठी प्रसृत केलेली नोंद यांत फरक करावा. आंघोळीची, रडण्याची वा आजारपणाची छायाचित्रे सार्वजनिक करू नयेत. मूल समजत्या वयाचे झाल्यावर त्याला विचारावे आणि त्याने नकार दिल्यास तो मानावा.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, बालपणाची कौटुंबिक नोंद ही तात्कालिक, तारीखवार, प्रामाणिक आणि अल्प असावी. आठवड्याला चार ओळी, महिन्याला एक ध्वनिमुद्रण, वर्षाला एक छापील छायाचित्र एवढेही पुरेसे आहे. नोंदीत मुलाचे स्वतःचे शब्द, त्याच्या बोबड्या उच्चारांसह, यावेत. घरातील वडीलधाऱ्यांचा आवाजही त्यात असावा. ती मुलासमवेत वेळोवेळी वाचली जावी, म्हणजे आठवण जिवंत राहील. अखेरीस ती मुलाच्या स्वाधीन करताना तिच्यात भर घालण्याचा, दुरुस्ती करण्याचा आणि नको तो भाग काढून टाकण्याचा अधिकारही त्याला द्यावा. ज्याचे बालपण आहे त्याच्याच हाती त्याची प्रत सुपूर्द होणे, हीच या सर्व प्रयत्नांची सार्थकता होय.