तुळजापूरची तारा, हैदराबादची नजर

रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ १८७१ साली आली आणि मराठीतली ऐतिहासिक कादंबरी आपण तिथपासून मोजतो. त्याच्या आठ वर्षं आधी, १८६३ मध्ये, शिवकाळावरची एक तीन खंडांची कादंबरी इंग्रजीत छापून निघाली होती. तिचं नाव ‘तारा’, आणि लेखक फिलिप मेडोज टेलर. ठगांवरच्या कादंबरीमुळे हे नाव आजही अनेकांना माहीत असतं. ‘तारा’ मात्र मराठी वाचकाच्या हाती सहसा लागत नाही. लागलीच तर ‘खानाची बाजू घेणाऱ्या साहेबाचं पुस्तक’ म्हणून ती मिटली जाते. या शेऱ्यात तथ्य आहे, आणि ते मी पुढे मांडणारच आहे. तरीही माझं मत असं, की इतिहास म्हणून कच्ची असलेली ही कादंबरी तिच्या नायिकेसाठी वाचायलाच हवी. एका मराठी बालविधवेला जगायला जागा कुठे आहे, हा प्रश्न तिने तीन खंडांच्या केंद्रस्थानी ठेवला. तिचं हे बळ आणि तिचे दोष, दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं: लेखक मराठी मुलखाकडे हैदराबादेतून पाहत होता.

कथा थोडक्यात अशी. काळ १६५७ च्या आसपासचा, आदिलशाहीच्या उतरणीचा. तुळजापूरच्या व्यासशास्त्र्यांची मुलगी तारा लहानपणीच लग्न होऊन लहानपणीच विधवा झालेली. आई आनंदा तिच्या काळजीने झुरते. वंशाला मुलगा हवा म्हणून शास्त्र्यांनी राधा नावाची दुसरी बायको केली आहे. तारा भवानीच्या सेवेत वाहिली जाते, कादंबरीच्या शब्दांत ‘मुरळी’ होते. राधेचा भाऊ मोरो त्रिमल शिवाजी महाराजांच्या कामगिरीवर फिरत असतो आणि त्याची नजर तारावर असते. अफझलखानाच्या फौजेचा तुळजापूरवर हल्ला होतो आणि त्या धुमाळीतून तारा खानाच्याच घरात जाऊन पोचते. तिथे खानाची ग्रहताऱ्यांचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल न उचलणारी बेगम लुर्ली आहे, मुलगी झैना आहे आणि मुलगा फाजल आहे. पुढे प्रतापगड होतो, खान पडतो, तारा सती जायला निघते, आणि चितेपाशी येऊन फाजल तिला सोडवतो. त्या दोघांचं लग्न होतं.

टेलर १८०८ साली लिव्हरपूलला जन्मला, पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला म्हणून आला आणि तिथे जम बसेना तेव्हा १८२४ मध्ये निजामाच्या फौजेत शिरला. हैदराबादेतच त्याने मेरी पामर हिच्याशी लग्न केलं. मेरीचे वडील विल्यम पामर हे निजामाला कर्ज देणाऱ्या, पुढे बुडालेल्या, प्रसिद्ध पेढीचे मालक. त्यांचे वडील जनरल पामर पुण्याला पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होते आणि आई फैज बख्श बेगम मुसलमान घराण्यातली. म्हणजे टेलरच्या बायकोची आजी बुरख्यात वाढलेली बेगम होती. त्याच पिढीत हैदराबादचा रेसिडेंट कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांचं लग्न झालं होतं. कर्कपॅट्रिकने बांधून घेतलेली कोठी भागातली रेसिडेन्सी आजही उभी आहे. दोन धर्मांतल्या माणसांचं लग्न ही टेलरला पुस्तकातून उचललेली कल्पना नव्हती. ती त्याच्या सासरची हकिकत होती.

हे ध्यानात घेतलं की कादंबरीतलं विजापूर नीट कळतं. विजापूर १६८६ मध्ये औरंगजेबाने घेतलं. टेलरच्या काळापर्यंत तिथे घुमट, कमानी आणि पडके वाडे उरले होते. नांदता दख्खनी दरबार, जनान्यातली बोलणी, खानदानी घरांतले मानपान आणि ज्योतिषावरची श्रद्धा त्याला पाहायला मिळणार ती हैदराबादेतच. म्हणून माझा अंदाज असा, की लुर्ली आणि झैना या विजापूरच्या नावाने वावरणाऱ्या हैदराबादी बायका आहेत. त्या जिवंत वाटतात. लुर्लीचा राग, तिचे नवस, सावत्र मुलांवरची माया, तारा घरात आल्यावर आधी संशय आणि मग आपलेपणा, यांत कुठेही ऐकीव माहितीचा वास येत नाही. तुळजापूरही टेलरला परकं नव्हतं. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि १८५७ पर्यंत टेलर तिथला कारभार पाहत होता. तुळजापूर त्याच मुलखात. बालाघाटाच्या कडेला खोलगट जागी वसलेलं देऊळ, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, कल्लोळतीर्थावरची गर्दी हे सगळं तो अधिकारी म्हणून पाहत होता. पण इथे त्याची नजर चुकते. मुरळ्या वाहतात त्या खंडोबाला; तुळजाभवानीच्या दारात आराधी आणि गोंधळी असतात. शास्त्र्याच्या घरातली मुलगी मुरळी होणं तर त्याहून अवघड. जनान्यातल्या सासूचा स्वभाव नेमका टिपणाऱ्या माणसाने देवळातल्या सेवेकऱ्यांची गल्लत करावी, यावरून घरातून पाहिलेलं आणि कचेरीतून पाहिलेलं यांतला फरक कळतो.

आता तारा. कादंबरीचा पहिला भाग मला सर्वांत सरस वाटतो, तो तिच्यामुळेच. वडिलांनी शिकवलेली, हुशार, नवरा म्हणजे काय हे कळण्याआधीच विधवा झालेली ही मुलगी घरात सगळ्यांची लाडकी आहे आणि तरी घरात तिचं भविष्य नाही. आईबाप प्रेमळ आहेत, बाप विद्वान आहे, खाण्यापिण्याची ददात नाही. एवढं असूनही शास्त्राची पोथी उघडली की या मुलीसाठी तिथे काहीच निघत नाही. टेलरने तिचे हाल करणारी सासू किंवा क्रूर बाप उभा केला असता तर दोष एका माणसावर ढकलून वाचक मोकळा झाला असता. त्याने ती वाट घेतली नाही. मायेच्या घरातही विधवेची कोंडी होते, हे दाखवणं जास्त अवघड होतं. देवीची सेवा ही ताराला त्या कोंडीतून फटीसारखी सापडते: निदान देवळात तिला उभं राहायला जागा आहे, गाणं आहे, लोकांचा नमस्कार आहे. आणि ती फटही किती घातकी, हे मोरो त्रिमलच्या रूपाने लगेच कळतं, कारण देवीला वाहिलेली बाई कुणा एकाची नसते म्हणून सगळ्यांचीच असते असं मानणारे पुरुष तिथे टपलेलेच असतात. गंगा नावाची दुसरी मुरळी हेच भोगून कडवट झालेली आहे. ही गंगा मला कादंबरीतली तारानंतरची सर्वांत महत्त्वाची व्यक्तिरेखा वाटते. तारा काय होऊ शकली असती ते तिच्याकडे पाहिलं की कळतं.

हे लिहिलं गेलं तेव्हा विधवाविवाहाचा १८५६ चा कायदा नुकताच झालेला होता आणि बाबा पद्मनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये येऊन गेलं होतं. पद्मनजींची यमुना विधवांचं दुःख पाहत फिरते आणि पुस्तक धर्मप्रसाराच्या हेतूने पुढे सरकतं. टेलरला कुणाचा धर्म बदलून दाखवायचा नव्हता. त्याला एक मुलगी दाखवायची होती.

तरीही फाजल आल्यावर तारा लेखकाच्या हातून निसटते, हे मान्य करावं लागतं. सुरुवातीला स्वतःशी विचार करणारी, देवीशी भांडणारी ही मुलगी पुढे पळवली जाते, सोडवली जाते, पुन्हा अडकते, पुन्हा सुटते. तिच्या बाबतीत घडत राहतं. ती काही घडवत नाही. चितेवरून सुटका हा इंग्रजी आणि युरोपीय प्रणयकथांचा ठरलेला प्रसंग. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत जगाची फेरी’मधल्या औदाची सुटका त्यानंतर दहा वर्षांनी आली. गोऱ्याने काळ्या बाईला काळ्या पुरुषांपासून वाचवायचं, हा साम्राज्याचा आवडता देखावा आहे आणि ‘तारा’ही त्याच माळेतली, असा आक्षेप कुणी घेईल. पण ‘तारा’च्या मुख्य पात्रांत एकही इंग्रज नाही. वाचवणारा दख्खनी मुसलमान आहे आणि ज्या समाजात ती जाते तोही इथलाच आहे. टेलरला साहेबाचा गौरव करायचा असता तर त्याला काळ बदलायला कुणी अडवलं नव्हतं. पुढे १८७२ च्या ‘सीता’मध्ये त्याने हिंदू विधवा आणि इंग्रज अधिकारी यांचं लग्न लावलंच. ‘तारा’त त्याने तसं केलं नाही, आणि त्यामुळेच हे पुस्तक त्या माळेत पूर्णपणे बसत नाही.

मराठी वाचकाचा खरा आक्षेप मोरो त्रिमलचा आहे, आणि तिथे लेखकाची बाजू घेता येत नाही. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे यांचं नाव मोरो त्रिमल असंच येतं. टेलरने ते नाव उचलून एका कपटी, बाईलवेड्या माणसाला दिलं. कल्पित खलनायकाला कल्पित नाव देणं काही अवघड नव्हतं. राज्याची घडी बसवणाऱ्या एका खऱ्या माणसाच्या नावावर असलं चरित्र चिकटवणं हा अन्याय आहे, आणि कादंबरी म्हणून तो माफ होत नाही. प्रतापगडचा प्रसंगही डफच्या वळणाने जातो: महाराज आधी वार करतात, खान गाफील सापडतो. सभासद बखरीत खानाने महाराजांची मान बगलेत दाबल्यानंतरच वाघनखं निघतात. टेलरच्या काळी हाताशी असलेला छापील इतिहास डफचाच होता, हे खरं. पण नळदुर्गच्या मुलखात गोंधळ्यांच्या तोंडून दुसरी बाजू ऐकायला मिळाली नसती असं मला वाटत नाही.

अफझलखानाला घरातला प्रेमळ बाप म्हणून रंगवलं, ही तक्रार मात्र मला पटत नाही. स्वारीवर निघण्याआधी खानाने आपल्या बायका मारल्या, अशी दंतकथा विजापूरजवळच्या साठ कबरींना चिकटलेली आहे. टेलरने ती बाजूला ठेवून एक नांदतं घर उभं केलं. देवळावर चालून जाणारा माणूस घरी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत असतो, हे पाहून तुळजापूरचा हल्ला सौम्य होत नाही. उलट तो जास्त झोंबतो, कारण तो कुणा राक्षसाने केलेला नाही हे कळतं. टेलरने हल्ला झाकलेला नाही. देऊळही आहे, घरही आहे, आणि दोन्ही एका कथेत धरून ठेवणं ही कादंबरीकाराची ताकद आहे. फाजलबद्दल मात्र सावध राहावं. इतिहासातला फाजलखान जावळीतून खंडोजी खोपड्याच्या मदतीने निसटला आणि बापाचा सूड घ्यायला पुन्हा मैदानात उतरला. कादंबरीतला हळवा प्रेमी त्याच्या नावापुरताच त्याच्याशी जोडलेला आहे.

टेलरची मराठीशी ओळख याआधीच झालेली आहे, हेही इथे सांगायला हवं. हरि नारायण आपटे यांची ‘म्हैसूरचा वाघ’ टेलरच्या टिपू सुलतानावरच्या कादंबरीवरून बेतलेली आहे, आणि त्यानंतर आपट्यांनी ‘उषःकाल’ लिहिली. टेलरकडून शिकून आपट्यांनी शिवकाळ आपल्या बाजूने सांगितला. ‘उषःकाल’ वाचलेल्या वाचकाने ‘तारा’ वाचली तर दोन्हींचा फायदा होईल: एकीत स्वराज्याची उमेद भेटेल, दुसरीत त्या उमेदीच्या काळातही आपल्या घरात अडकून पडलेली मुलगी भेटेल. मूळ इंग्रजी पुस्तकावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही आणि ते इंटरनेटवर मोफत मिळतं. मोरोपंत, प्रतापगड आणि मुरळ्या या ठिकाणी खणखणीत टिपा देऊन त्याची नेटकी मराठी आवृत्ती निघायला हवी. उर्दू, दख्खनी आणि मराठी तिन्ही कानावर पडलेल्या हैदराबादच्या मराठी मंडळींइतकं हे काम कुणालाच चांगलं जमणार नाही. त्यांनी ते हाती घ्यावं.