धक्के कोठे जातात?

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या गावांवरून एक रस्ता लातूरला जातो. हा मुलूख काळ्या कसदार जमिनीचा. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. तिच्यावरील रस्ता नीट राखला नाही, तर त्यालाही उंचवटे आणि खळगे येतात. अशा वाटेने बैलगाडी गेली की आत बसणाऱ्याचे अंग खिळखिळे होते. त्याच वाटेने एस. टी. गाडी जाते, तेव्हा मात्र उतारूंना तितके धक्के बसत नाहीत. मग ते धक्के जातात तरी कोठे?

मोटारीची चाके आणि तिचा सांगाडा यांच्यामध्ये पोलादी स्प्रिंगा किंवा कमानपाटे असतात. चाक उंचवट्यावर चढले की स्प्रिंग दबते आणि धक्का स्वतःत साठविते. परंतु साठविलेले परत केल्यावाचून ती राहत नाही. नुसत्या स्प्रिंगांवर बसविलेली गाडी एका खळग्यानंतर झोपाळ्याप्रमाणे कितीतरी वेळ वरखाली होत राहील. यात केवळ गैरसोय नाही. चाक उडून रस्त्यापासून सुटले, तर त्या क्षणी त्याला ना ब्रेकचा उपयोग, ना सुकाणूचा. वेगाच्या गाडीत तो क्षण प्राणांवर बेततो.

म्हणून स्प्रिंगेच्या जोडीला धक्काशोषक बसवितात. कारागीर त्याला ‘शॉकअप’ म्हणतात. त्यात तेलाने भरलेली नळी असते आणि नळीत बारीक छिद्रांचा एक दट्ट्या असतो. चाक हलले की दट्ट्या सरकतो आणि तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते. त्या घर्षणाने तेल तापते आणि गाडीचे डोलणे थांबते. धक्क्यांची अशी उष्णता होते व ती हवेत निघून जाते.

साध्या धक्काशोषकात तेलाच्या वर थोडी हवा असते. खडबडीत रस्त्यावर दट्ट्या वेगाने हलू लागला की तेल आणि हवा घुसळली जाऊन फेस होतो. फेस छिद्रांतून सहज निसटतो आणि धक्काशोषक असून नसल्यासारखा होतो. क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों या फ्रेंच अभियंत्याने १९५३ च्या सुमारास यावर उपाय काढला. त्याने नळीच्या एका टोकाला नत्रवायू दाबून भरला आणि तेल व वायू यांच्यामध्ये दुसरा, सरकता दट्ट्या ठेवला. सोड्याची बाटली बंद असेपर्यंत बुडबुडे दिसत नाहीत. टोपण काढून दाब उतरताच फेस उसळतो. वायूच्या दाबाखालील तेलही तसेच शांत राहते. आपल्या हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायूच असतो. कोरड्या नत्रवायूने लोखंड गंजत नाही व तेलही बिघडत नाही.

अमेरिकेत ‘स्टॉक कार’ नावाच्या मोटारींच्या शर्यती होतात. त्या गाड्या वळणाच्या मार्गावर ताशी २०० किलोमीटरहूनही अधिक वेगाने धावतात. तेथील कारागीर हा दाब फार काळजीने ठरवितात. दाब कमी पडला तर तेलाला फेस येतो. दाब वाढला तर वायू दट्ट्याचा दांडा बाहेर ढकलतो. दांड्याचा छेद दीड चौरस सेंटीमीटर आणि दाब दर चौरस सेंटीमीटरला २० किलोग्रॅम असेल, तर गाडीचा तो कोपरा ३० किलोग्रॅमच्या जोराने वर उचलला जाऊ पाहतो. एवढ्यानेही वळणावर गाडीचा तोल बदलतो.

हा वायू आता आपल्याही रस्त्यांवर आला आहे. पुण्याच्या बजाज कंपनीच्या काही पल्सर मोटारसायकलींना मागे नत्रवायूचे धक्काशोषक असतात. धक्काशोषकातून तेल गळू लागले, तर प्रवास कष्टाचा होतो एवढेच नव्हे, चाकाची रस्त्यावरील पकडही सुटू लागते. उतारूला सुख देणे हे त्याचे दुसरे काम. चाक रस्त्याला धरून ठेवणे हे पहिले.