पाण्याला टेकायचं किती

रिमोटवर चालणारी मॉडेल बोट पाण्यात जाण्याआधी काचेवर जाते. टेबलावर जाड, सपाट काच ठेवायची, तिच्यावर कॅटामरानचे दोन्ही तळ टेकवायचे आणि मागून वाकून पंख्याच्या दांड्याची उंची व्हर्नियर कॅलिपरने मोजायची. दांड्याला धरून ठेवणारा धातूचा ‘स्ट्रट’ स्क्रू सैल केले की वर-खाली सरकतो, थोडा कलतोही. सुरुवात ठरलेली असते: दांड्याचा मध्य तळाच्या पातळीत, कोन शून्य. त्यानंतरचे सगळे बदल अर्ध्या-एक मिलिमीटरचे असतात. ताशी 80 किलोमीटरने पळणारी बोट पाण्याला चिकटून राहणार की हवेत उलटी होणार, हे बरंचसं त्या अर्ध्या मिलिमीटरवर ठरतं.

कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या मिशन बेमध्ये व्हेकेशन आयल नावाचं बेट आहे. तिथे खास मॉडेल बोटींसाठी केलेलं तळं आहे, मॉडेल यॉट पाँड. नाव शिडाच्या बोटींचं असलं तरी या पाण्याला मोटारींचा आवाजही चांगला ओळखीचा आहे. तिथून जवळच्याच एल कहोनमध्ये डीसीबी ही कंपनी खऱ्या, माणसं बसवून धावणाऱ्या वेगवान कॅटामरान बनवत आली. तिच्या 41 फुटी ‘एम 41 वाइडबॉडी’ची ट्रॅक्सस कंपनीने सुमारे 40 इंचांची रेडिओवर चालणारी प्रतिकृती काढली. फुटांच्या जागी इंच आले, तरी ही इंचांची बोट सहा लिथियम सेलांवर ताशी 50 मैलांच्या पुढे जाते. खोक्यातून निघाल्या निघाल्या ती जशी पळते त्यावर समाधान मानणारे थोडे. बहुतेकांचा खरा छंद तिथून पुढे सुरू होतो.

कॅटामरानचा वेग दोन तळांमधल्या बोगद्यातून येतो. पुढून शिरलेली हवा बोगद्यात कोंडते, दाबली जाते आणि बोटीला खालून उचलते. तळ जितका वर येईल तितकं पाणी कमी घासतं. पूर्ण वेगात चांगली लावलेली बोट दोन तळांच्या मागच्या अरुंद पट्ट्यांवर आणि अर्ध्या बुडालेल्या पंख्यावर उभी असते, बाकी सगळी हवेवर. फॉर्म्युला वनच्या पॉवरबोटींची रचनाही हीच. नोव्हेंबर 2018 मध्ये विजयवाड्याजवळ त्यांची शर्यत झाली, ती महाबळेश्वरात उगम पावणाऱ्या कृष्णेच्याच पात्रात. त्या बोटींना वळणावर आणि सरळ धावेत जे सांभाळावं लागतं तेच हातभर लांबीच्या मॉडेललाही सांभाळावं लागतं. फरक एवढाच की इथे चालक बोटीत बसलेला नसतो. बोटीचं पुढचं टोक म्हणजे नाळ हलकी झाल्याचं त्याला पाठीला जाणवत नाही, काठावरून डोळ्यांनी ओळखावं लागतं.

म्हणून आधी वजन. बहुतेक जण मागच्या टोकापासून लांबीच्या 30 टक्क्यांवर गुरुत्वमध्य ठेवून सुरुवात करतात, म्हणजे एक मीटरच्या बोटीत 30 सेंटिमीटरवर. दोन बोटांवर बोट तोलून बघायची आणि बॅटऱ्या पुढे-मागे सरकवायच्या. बॅटरी हा आतला सगळ्यात जड ऐवज, त्यामुळे ती वेल्क्रोच्या पट्ट्यांवर बसवलेली असते आणि तिची जागा पेन्सिलने आखलेली असते. मध्य मागे गेला की बोट मोकळी होते, वेग वाढतो, नाळ तरंगायला लागते. पुढे गेला की बोट शांत होते, पण ओली, म्हणजे पाण्याला जास्त टेकून, चालते आणि मोटारीला ओझं वाटतं. एकच पंखा असेल तर त्याच्या फिरण्याच्या उलट दिशेला बोट कलते, मग बॅटरी थोडी आडवीही सरकवावी लागते. दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरवले की ही कटकट मिटते.

यानंतर येतो पंखा. या विषयावर चालक तासन्‌तास बोलतात आणि ते योग्यच आहे. ऑक्ट्युरा या अमेरिकी कंपनीचे पंखे जुन्या मंडळींच्या डब्यात हमखास सापडतात. त्यांचे आकडे वाचता आले की निम्मं गणित हातात येतं: ‘एक्स 440’ म्हणजे व्यास 40 मिलिमीटर, आणि एका फेरीत पंख्याने कापायचं अंतर व्यासाच्या 1.4 पट, म्हणजे 56 मिलिमीटर. मोटार व्होल्टमागे मिनिटाला 2000 फेऱ्या घेणारी असेल आणि चार सेलांची 14.8 व्होल्टची बॅटरी असेल, तर कागदावर मिनिटाला 29,600 फेऱ्या होतात. गुणाकार केला की ताशी 99 किलोमीटर येतात. प्रत्यक्षात भाराखाली फेऱ्या उतरतात, पंखा पाण्यात घसरतो आणि जीपीएसवर 75 ते 80 दिसतात.

इथे नव्या माणसाच्या मनात येतं की दोन मिलिमीटर मोठा पंखा लावू. 42चा पंखा हातात घेतला तर 40च्या पंख्यासारखाच दिसतो. पण त्याच फेऱ्या ठेवल्या तर पंख्याला लागणारी ताकद व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. 42ला 40ने भागून पाच वेळा गुणा, उत्तर 1.28च्या आसपास येतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकासाठी मोटार, स्पीड कंट्रोलर आणि बॅटरी या तिघांवरचा भार सव्वा पटीहून जास्त होतो. तळ्यावर जळालेल्या कंट्रोलरचा वास येतो तेव्हा त्यामागे बऱ्याचदा हा न केलेला हिशेब असतो.

ओतीव पंखा तसाच लावून चालत नाही. पात्याची कड कानशीने आणि मग बारीक पॉलिश पेपरने धारदार करतात. त्यानंतर पंखा तोलायच्या आडव्या दांडीवर चढवतात. जड पातं सावकाश खाली येऊन थांबतं. त्याची पाठ थोडी घासायची, पुन्हा चढवायचा, पुन्हा बघायचं. कसाही ठेवला तरी पंखा ठेवला तिथेच थांबला की काम झालं. मिनिटाला तीस हजारांच्या घरातल्या फेऱ्यांत थोडंसं जड पातंही स्ट्रटमधलं बुश खाऊन टाकतं आणि दांडा तोडतं. एक गोष्ट मात्र जीवाची आहे. यातले बरेच पंखे बेरिलियम-तांब्याचे असतात आणि बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक आहे. घासकाम पाण्याखाली किंवा ओल्या पेपरनेच करायचं, तोंडाला मास्क लावायचा आणि घरातल्या ओट्यावर हे काम अजिबात करायचं नाही.

झाकणाच्या चारही कडांना पारदर्शक चिकटपट्टी लागली आणि रिमोट बंद केल्यावर मोटार बंद पडते की नाही हे तपासून झालं, की बोट पाण्यात सोडतात. पहिली धाव अर्ध्या वेगाची. जाणता चालक तेव्हा बोटीपेक्षा मागे उडणाऱ्या पाण्याच्या तुऱ्याकडे जास्त बघतो. तुरा उंच आणि उभा असेल तर ताकद पाणी वर फेकण्यात चालली आहे, पंखा खोल आहे किंवा कोन चुकला आहे. तुरा लांब आणि बसका असेल तर ताकद पुढे लागते आहे. मग तळांमधून प्रकाश दिसतो का ते बघायचं. बोगद्याखालून पांढरा फेस सतत फुटत असेल तर बोट ओली आहे. नाळ एका लयीत वर-खाली उड्या मारत असेल तर वजन किंवा स्ट्रट, दोन्हींपैकी एक जागेवर नाही. दोन्ही एकाच वेळी हलवले तर फरक कशाने पडला ते कळत नाही, म्हणून एका धावेत एकच बदल, आणि तो वहीत.

स्ट्रटचा कोन समजायला साधा आहे. दांड्याचं मागचं टोक थोडं खाली कलवलं तर पंखा बोटीला पुढे ढकलता ढकलता मागची बाजू उचलतो, त्यामुळे नाळ दबते. टोक वर कलवलं की मागची बाजू बसते आणि नाळ उठते. उंचीचा परिणाम वेगळा. स्ट्रट वर घेतला की पंख्याचा कमी भाग पाण्यात राहतो, बोट सैल, चपळ आणि बेभरवशाची होते. खाली घेतला की पकड येते आणि मोटार तापते. अर्धा मिलिमीटर हलवायला मिनिटभर लागतं, ते योग्य होतं की नाही हे कळायला बॅटरीभर धाव लागते. घाई करणाऱ्यांची बोट या टप्प्यावर अडकून राहते.

सकाळी वारा पडलेला असताना अचूक लागलेली बोट दुपारी उलटते, त्याचंही गणित आहे. बोट ताशी 80ने जाते आहे आणि समोरून 20चा वारा आहे, तर बोगद्याला 100ची हवा लागते. उचल वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त होते. त्यात एखादी लाट नाळेखाली आली की नाळ वर जाते, हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो, नाळ आणखी वर जाते आणि बोट मागे कोलांटी घेते. नाळ उठलेली दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. डोनाल्ड कॅम्बेलची ‘ब्लूबर्ड के 7’ कॅटामरान नव्हती, तीन बिंदूंवर टेकणारी जेट बोट होती. पण 4 जानेवारी 1967ला इंग्लंडमधल्या कॉनिस्टन वॉटरवर ताशी 300 मैलांच्या पुढे तिची नाळ अशीच उचलली गेली आणि कॅम्बेलचा जीव गेला. परतीच्या धावेसाठी पाणी पुरतं शांत होण्याची वाट त्याने पाहिली नव्हती. मॉडेलचे अनुभवी चालकही एका धावेनंतर स्वतःच्याच लाटा विरेपर्यंत थांबतात. वाऱ्यावर तोंड करून जाताना रिमोटचा ट्रिगर थोडा सोडून धरतात, वाऱ्याबरोबर जाताना पूर्ण ओढतात.

वळण हे सगळं कौशल्य बोटात असलेलं काम. ताशी 80 म्हणजे सेकंदाला 22 मीटर. वळायच्या जागी पोचल्यावर विचार केला तर बोट समोरच्या काठावर असते. म्हणून वळणाच्या आधीच ट्रिगर थोडा सोडायचा, नाळ बसू द्यायची, मग रिमोटवरचं चाक हळूच फिरवायचं आणि वळण पुरं होईपर्यंत ट्रिगर एकाच जागी धरायचा. मध्येच सोडला तर सुकाणू चावतं, मागची बाजू घसरते आणि बोट गर्रकन फिरते. अमेरिकेतल्या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होतात, त्यामुळे सगळी वळणं उजवी, आणि बोटी त्याच वळणासाठी लावलेल्या असतात. बोट आपल्याकडे तोंड करून आली की डावं-उजवं उलटं होतं. हे उलटं हाताला विचार न करता यायला लागलं की माणूस शर्यतीत उतरायला तयार झाला.

पहिल्या पूर्ण वेगाच्या मिनिटानंतर बोट काठाला येते आणि झाकण उघडतं. सुकाणूतून आत घेतलेलं पाणी कंट्रोलर आणि मोटारीभोवती फिरून कडेच्या भोकातून बाहेर पडतं. ती धार दिसत होती का, हा पहिला प्रश्न. मग मोटार, कंट्रोलर, बॅटरी, जोडण्या असं एकेकाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघतात. लिथियम बॅटरी 60 अंशांच्या पुढे गेली तर लहान पंखा लावायचा, वाद नाही. जीपीएसवरचा आकडा मनासारखा आला असला तरी लावायचाच.

बोटी उलटतात, त्याची तयारीही आधीच करतात. तळांच्या पोकळीत फोम भरलेला असतो, म्हणजे पाणी शिरलं तरी बोट बुडत नाही. कार्बन फायबर रेडिओ लहरी अडवतं, म्हणून अँटेना नळीतून बाहेर काढलेली असते. उलटी पडलेली बोट आणायला छोटी हातवल्ह्याची होडी, नाहीतर मासेमारीच्या गळाला बांधलेला टेनिसचा चेंडू. चेंडू बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि दोरीने तिला हळूहळू काठाकडे ओढायचं. तोवर बाकीच्यांनी आपल्या बोटी थांबवायच्या, हा नियम सगळे पाळतात.

शेवटचं काम दांड्याचं. मोटारीपासून पंख्यापर्यंत जाणारा दांडा म्हणजे पिळलेल्या तारांची लवचीक केबल. भाराखाली ती थोडी आखूड होते, म्हणून पंख्यापुढचा, त्याला पकडून फिरवणारा ड्राइव्ह डॉग आणि स्ट्रट यांच्यात 3 ते 6 मिलिमीटर फट ठेवतात. घरी गेल्यावर केबल बाहेर काढायची, पुसायची, बोटं फिरवून एखादी तार सुटली आहे का ते बघायचं आणि मरीन ग्रीस लावून परत सरकवायची. एक तार जरी सुटलेली लागली तरी केबल बदलतात, कारण ती पूर्ण वेगात तुटली तर पंख्यासकट मागचा तुकडा निसटून तळाशी जाऊ शकतो. बॅटऱ्या सेलमागे 3.8 व्होल्टवर आणून ठेवायच्या, झाकण उघडं टाकून आतला ओलावा सुकू द्यायचा. आणि वहीत त्या दिवसाचा वारा, पंख्याचा आकडा, स्ट्रटची उंची आणि मोटारीचं तापमान लिहायचं.