बचत खात्याचा खर्च : दोन रेषा काढून पाहा

सोयाबीन खामगाव, चिखली किंवा मेहकरच्या बाजारात विकले, कापूस खरेदी केंद्रावर घातला, तरी पैसा आता बहुधा खात्यातच जमा होतो. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाला ३ हप्ते आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ३ हप्तेही खात्यातच येतात. त्यामुळे बुलडाणा जिल्ह्यात एका घरात दोन-तीन खाती असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पेरणीचा खर्च एकरी मांडणारा शेतकरी या खात्यांचा खर्च मात्र मांडत नाही. पासबुकात कधी कार्डाचे, कधी संदेशाचे, कधी किमान शिलकीचे पैसे वजा झालेले दिसतात. रक्कम लहान म्हणून आपण पान उलटतो.

हा हिशेब अवघड नाही. नववी-दहावीच्या बीजगणितात मुले दोन चलांतील रेषीय समीकरणे शिकतात, तेवढे ज्ञान त्यास पुरते.

समीकरण कसे मांडावे

कोणत्याही खात्याच्या खर्चाचे दोन भाग पडतात. व्यवहार करा अथवा न करा, वर्षाला लागणारच तो स्थिर खर्च. दर व्यवहारामागे लागतो तो बदलता खर्च. वर्षातील फेऱ्यांची संख्या क्ष आणि एकूण खर्च य मानल्यास

य = स्थिर खर्च + (एका फेरीचा खर्च × क्ष)

पिकाला नत्राची मात्रा वाढवत गेल्यास उत्पादन काही मर्यादेपर्यंत वाढते, मग वाढीचा वेग मंदावतो. ती रेषा वक्र असते, म्हणून तिचा हिशेब किचकट होतो. फेऱ्यांचा खर्च सरळ रेषेत जातो, त्यामुळे येथे आपले काम सोपे आहे.

मेहकर तालुक्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. वाचकांनी त्या जागी आपले आकडे घालावेत. पहिले खाते मेहकरला आहे. त्यास वार्षिक आकार नाही, शिलकीची अट नाही, पण जाण्यायेण्यास ७० रु. लागतात. दुसरे खाते जवळच्या बाजारगावी आहे. जाण्यायेण्यास २० रु. लागतात, परंतु कार्ड व संदेश यांचे वर्षाला ३०० रु. आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ३५४ रु. कापले जातात. शिवाय ५,००० रु. सतत शिल्लक ठेवावे लागतात.

पहिले खाते : य = ७० क्ष
दुसरे खाते : य = ३५४ + २० क्ष

दोन्ही खर्च सारखे होतील तेव्हा ७० क्ष = ३५४ + २० क्ष, म्हणजे ५० क्ष = ३५४ आणि क्ष = ७.०८. वर्षातून ७ फेऱ्यांपर्यंत पहिले खाते स्वस्त, आठव्या फेरीपासून दुसरे. बहुतेकांचा हिशेब येथेच थांबतो, आणि तेथेच तो चुकतो.

अडकलेल्या पैशाचा खर्च

किमान शिल्लक म्हणून ठेवलेले ५,००० रु. आपलेच असतात, बँक ते कापून घेत नाही. म्हणून तो खर्च आहे असे वाटत नाही. पण हाच शेतकरी जूनमध्ये बियाणे व खत उधारीवर उचलतो आणि दरमहा शेकडा दोन रुपयांप्रमाणे व्याज देतो, असे समजा. सोयाबीन विकेपर्यंत पाच महिने गेले, तर ५,००० रुपयांच्या उधारीवर ५०० रु. व्याज होते. त्याच पाच महिन्यांत बँक अडीच टक्के वार्षिक दराने त्याला सुमारे ५२ रु. देते. म्हणजे ४४८ रुपयांचा तोटा, आणि तो पासबुकात कोठेही छापला जात नाही. हा आकडा कार्डाच्या आकारापेक्षाही मोठा आहे. तो स्थिर खर्चात मिळवल्यास दुसऱ्या खात्याचे समीकरण बदलते :

य = ८०२ + २० क्ष

आता ५० क्ष = ८०२ आणि क्ष = १६.०४. सोळा फेऱ्यांना पहिल्या खात्याचा खर्च १,१२० रु. आणि दुसऱ्याचा १,१२२ रु. येतो, सतराव्या फेरीपासून दुसरे खाते स्वस्त पडते. आठव्या फेरीला जे खाते फायद्याचे वाटत होते, त्याला प्रत्यक्षात सतरा फेऱ्या लागतात.

आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर फेऱ्या व उभ्या अक्षावर रुपये घेऊन दोन्ही रेषा काढाव्यात. पहिली रेषा शून्यापासून निघून तीव्र चढते, दुसरी ८०२ पासून निघून सावकाश चढते. त्या जेथे छेदतात, त्याच्या डावीकडे आपण आहोत की उजवीकडे, एवढेच पाहायचे. घरातील शाळकरी मुलाकडून हे काम करवून घ्यावे.

आपल्या फेऱ्या मोजण्यासाठी गेल्या वर्षीचे पासबुक पुरते. अनुदानाच्या सहा हप्त्यांसाठी ६, बियाणे-खतासाठी ३, सोयाबीन व हरभऱ्याच्या पैशासाठी ४, अशा १३ फेऱ्या झाल्यास मेहकरचे खाते बरे. मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी असून दरमहा पैसे पाठवावे लागत असतील, तर आकडा २५ वर जातो आणि निर्णय फिरतो. मात्र ते पैसे घरबसल्या मोबाईलवरून पाठविता येत असतील, तर त्या १२ फेऱ्या मोजूच नयेत.

किमान शिलकीची अट सर्वच बँकांत नाही. स्टेट बँकेने ती २०२० मध्येच काढून टाकली. अशी अट नसल्यास ४४८ रु. वजा होतात आणि छेदनबिंदू पुन्हा सातावर येतो.

मजुरीचाही विचार करावा. निंदणीच्या किंवा वेचणीच्या दिवसांत मेहकरच्या फेरीत अर्धा दिवस मोडून १५० रु. बुडत असतील, तर पहिले समीकरण य = २२० क्ष होते आणि पाचव्या फेरीपासूनच जवळचे खाते स्वस्त पडते. शेतमजुरी करणाऱ्या भगिनींनी हा आकडा अवश्य धरावा.

जेथे रेषा वाकते

एटीएमचा खर्च आरंभी आडवा असतो व मग चढतो. आपल्यासारख्या महानगर नसलेल्या भागात दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर महिन्याला ५ व्यवहार मोफत असतात. नुसती शिल्लक पाहिली तरी तो एक व्यवहार धरला जातो. त्यापुढे १ मे २०२५ पासून बँक प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत घेऊ शकते. त्यावर १८ टक्के कर धरून २७ रु. १४ पैसे होतात.

येथे वार्षिक सरासरी फसविते. वर्षात २४ वेळा पैसे काढणाऱ्याची सरासरी महिन्याला दोन येते, म्हणजे आकार शून्य असे वाटते. पण शेतकऱ्याचे व्यवहार हंगामी असतात. ऑक्टोबर व नोव्हेंबरमध्ये प्रत्येकी दहा वेळा पैसे काढले, तर दोन्ही महिने मिळून १० व्यवहार मर्यादेबाहेर जातात आणि २७१ रु. ४० पैसे कापले जाऊ शकतात. म्हणून एटीएमचा हिशेब महिनावार करावा, आणि सुगीत पाच वेळा थोडे काढण्याऐवजी एकदाच पुरेसे काढावे.

मूलभूत बचत खाते

हे खाते कोणत्याही बँकेत मागता येते. त्यास किमान शिलकीची अट नसते, कार्डाचा वार्षिक आकार नसतो आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणे मोफत असते. २०१४ पासून उघडलेली जनधन खाती याच प्रकारची आहेत. एकाच बँकेत साधे बचत खाते व हे खाते अशी दोन्ही ठेवता येत नाहीत.

अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेले खाते मात्र 'छोटे खाते' धरले जाते. त्यात शिल्लक ५०,००० रुपयांवर आणि वर्षभराची जमा एक लाखावर जाऊ शकत नाही. कापसाची पट्टी मोठी असेल, तर पैसे अडकण्याची शक्यता असते. माल बाजारात नेण्यापूर्वीच ओळखपत्राची पूर्तता करून घ्यावी.

समीकरणाबाहेरच्या बाबी

स्वस्त खाते म्हणजे सुरक्षित खाते असे नाही. मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये रद्द केला, हे आपल्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. बँकेतील ठेवींना २०२० पासून एका ठेवीदारामागे एका बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते मिळत नाही.

हिशेबाअंती जुने खाते बंद करावयाचे ठरल्यास आधी नव्या खात्यास आधार जोडून घ्यावे. आधारवर येणारी अनुदाने एका वेळी एकाच बँकेकडे वळविलेली असतात, आणि ती जोडणी जुन्या बँकेकडेच राहिल्यास हप्ता अडकतो. एखादा हप्ता नव्या खात्यात आल्याचे पासबुकात पाहावे, मगच जुन्या बँकेत अर्ज द्यावा.