टाउपो सरोवरांतील मोठा मासा

गळ टाकून पाण्याकाठीं बसणें हा रिकामटेकड्याचा उद्योग, असा आपल्याकडे समज आहे. परंतु मोठ्या सरोवरांतून मोठा मासा काढणाऱ्याचें काम जवळून पाहिलें, तर तें चांगल्या शेतकऱ्याच्या कामाहून फारसें भिन्न नाहीं असें दिसतें. ऋतु, पाण्याची ऊब आणि चारा या तिहींकडे ज्याचें लक्ष, त्यालाच मोठा मासा मिळतो. न्यूझीलंडच्या उत्तर बेटांतील टाउपो सरोवर हें याचें उत्तम उदाहरण आहे.

ज्वालामुखीच्या स्फोटानें झालेलें हें सरोवर सुमारें 616 चौरस किलोमीटर पसरलेलें असून, त्याची सर्वांत अधिक खोली 186 मीटर आहे. येथला ट्राउट मासा मूळचा नव्हे. मूळचा यूरोपांतला तपकिरी ट्राउट 1887 सालीं, आणि अमेरिकेंतला इंद्रधनुषी ट्राउट त्या शतकाच्या अखेरीस येथें सोडला गेला. त्या वेळीं सरोवरांत कोआरो नांवाचा लहान देशी मासा विपुल होता; माओरी लोकांचें तें परंपरागत अन्न. नव्या माशांस तो आयताच चारा मिळाला, आणि कांहीं वर्षें दहा पौंडांचे ट्राउट सहज सांपडूं लागले.

पण कुरणांत गुरें बेसुमार वाढलीं म्हणजे जें होतें, तेंच पुढें झालें. कोआरो संपत आला. माओरींच्या ताटांतलें अन्न गेलें आणि ट्राउटहि रोडावले. 1913 च्या सुमारास जाळीं लावून पुष्कळ मासे काढून टाकण्यास आरंभ झाला, तेव्हां उरलेल्यांस चारा पुरला व ते पुन्हां भरले. 1934 पासून स्मेल्ट नांवाची बोटाएवढी रुपेरी मासळी सरोवरांत सोडण्यांत आली. आज ट्राउटचा मुख्य आहार तीच आहे, आणि तेथली गळाची सारी विद्या स्मेल्टच्या मागोमाग चालते.

गांडूळ किंवा मासळी असें खरें आमिष लावण्यास तेथें कायद्यानें बंदी आहे. गळाला पिसें व दोरा बांधून केलेली खोटी माशी, अथवा पत्र्याची चमकती मासळी वापरतात. आमिष मोठें केल्यानें मासा मोठा मिळतो हा भ्रम होय. आकार व रंग स्मेल्टसारखा असावा, हें खरें.

तेथील ऋतु आपल्या उलट असतात. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत स्मेल्ट अंडीं घालण्यास उथळ, वाळूच्या कांठाशीं येते व ट्राउट तिच्या पाठीस लागतो. या दिवसांत पहांटे होडी अगदीं हळू वल्हवीत, मागें लांब दोरीवर एकच खोटी माशी ओढीत न्यावी. ऊन चढलें कीं मासा खोल जातो.

जानेवारी ते मार्च वरचें पाणी तापतें. ट्राउटला थंडावा लागतो, म्हणून तो वीस ते चाळीस मीटर खालीं उतरतो. खोल पाण्यांत पोंचण्याचे कांहीं उपाय आहेत. एक, शिशाची तार गुंफलेली दोरी. तिचा रंग दर दहा यार्डांस बदलतो; किती रंग पाण्यांत सोडले यावरून खोलीचा अंदाज येतो. होडीचा वेग वाढल्यास दोरी वर उचलली जाते, म्हणून माणूस सावकाश चालेल इतकीच गति ठेवावी. दुसरा, होडी थांबवून शेवटीं वजन बांधलेली दोरी सरळ खालीं सोडणें. तिच्यावर दोन-तीन लहान माशा ठेवून ती हातभर उचलावी व पुन्हां सोडावी. पुष्कळ मासे माशी खालीं जातांनाच पकडतात, म्हणून दोरी कधीं सैल सोडूं नये.

हिवाळ्याच्या तोंडाशीं अंडीं घालण्यास नद्यांत शिरणारे मोठे मासे टोंगारिरोसारख्या नद्यांच्या मुखाशीं जमतात. तळ जेथें एकदम खोल होतो त्या कडेवर, काळोख्या रात्रीं, गडद माशी हळूहळू ओढावी. मासा लागल्यावर घाई करूं नये. तो धांवेल तेव्हां दोरी द्यावी, थांबेल तेव्हां घ्यावी. सोडून द्यावयाचा असल्यास हात ओले करूनच त्यास धरावें, नाहीं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघून तो रोगास बळी पडतो.

महाराष्ट्राच्या उष्ण पाण्यांत ट्राउट जगणार नाहीं. परंतु टाउपोचा धडा आमच्या तळ्यांस तंतोतंत लागू आहे. कटला वरच्या थरांत, रोहू मधल्या थरांत व मृगळ तळाशीं चरतो. या तिघांचें बीज पाण्याच्या व खाद्याच्या मानानें सोडावें. ‘चार जास्त सोडलीं तर चार जास्त मिळतील’ या लोभानें तळें भरलें, तर हंगामाच्या शेवटीं वीतभर मासेच हातीं येतात. तिलापियासारखी आपोआप वाढणारी परकी जात विचार न करतां सोडली, तर आधीं घरचे मासे जातात आणि मग तीहि खुरटते. मोठा मासा गळाला लागतो तो शेवटच्या दिवशीं. त्याची तयारी बीज सोडण्याच्या दिवसापासून करावी लागते.