एकाच मळ्याची आठ सालं

यंदाच्या हापूसला गेल्या वर्षीची गोडी नाही, असं दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी म्हणतंच. ते खरंही असेल, पण पडताळायचं कसं? गेल्या वर्षीची पेटी केव्हाच संपलेली असते आणि तुलना होते ती आठवणीशी. शेतातून येणाऱ्या फार थोड्या गोष्टींची आठ-दहा सालं एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवून चाखता येतात. वाइन ही त्यातली एक. एकाच उत्पादकाने एकाच मळ्यातल्या द्राक्षांची केलेली वाइन घ्यायची, तिच्या लागोपाठच्या सालांच्या बाटल्या मित्रमंडळींनी एका बैठकीत उघडायच्या, याला ‘व्हर्टिकल टेस्टिंग’ म्हणतात. अशी बैठक बहुतेक वेळा ‘सगळ्यांत चांगलं साल कुठलं?’ या प्रश्नावर येऊन संपते. मला हा प्रश्न फार तोकडा वाटतो. ओळीने मांडलेल्या ग्लासांत काय एका दिशेने बदलत जातं, काय खालीवर होतं आणि काय तसंच राहतं, हे तीन धागे सुटे करता आले, तर एखाद्या जमिनीबद्दल जे कळतं ते कुठल्याही एका बाटलीतून, ती कितीही नामांकित असली तरी, कळत नाही.

हे करायला शार्डोनेइतकं सोयीचं द्राक्ष क्वचितच सापडेल. मस्कतला स्वतःचा ठसठशीत सुगंध असतो, सोव्हिन्यों ब्लांचा हिरवट वास पहिल्याच घोटात ओळखू येतो. शार्डोनेचं तसं नाही. तिचा स्वतःचा आवाज हलका, त्यामुळे माती, हवामान आणि वाइन करणाऱ्याचा हात या गोष्टी तिच्यातून स्पष्ट दिसतात. त्यातही उदाहरण घ्यावं ते फ्रान्समधल्या शाब्लीचं. बरगंडीच्या अगदी उत्तरेला, सरँ नदीच्या काठी वसलेल्या या गावाच्या नावाने फक्त शार्डोनेचीच वाइन विकता येते. इथली चुनखडीयुक्त चिकणमाती सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाची. तिच्यात बारक्या शिंपल्यांचे जीवाश्म इतके असतात की ढेकूळ फोडलं तरी दिसावेत. ग्रँ क्रू म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या मळ्यांची इथे सात नावं आहेत, आणि ती सगळी नदीच्या उजव्या तीरावरच्या एकाच उतारावर. त्यातला सर्वांत मोठा ‘ले क्लो’. त्याचं क्षेत्र सव्वीस हेक्टरच्या आसपास. अनेक उत्पादक पिंपाच्या लाकडाचा वास वाइनला फारसा लागू देत नाहीत, त्यामुळे त्या वर्षीचं हवामान झाकायला काही उरत नाही.

2014 ते 2021 ही आठ सालं घेतली, तर शाब्लीच्या शेतकऱ्याने काय काय सोसलं ते समोर येतं. 2014 चा उन्हाळा थंड आणि ओलसर, पण सप्टेंबर कोरडा व उन्हाचा. द्राक्षं सावकाश पिकली आणि आंबटपणा टिकून राहिला. 2015 उबदार. तोडणीच्या तोंडावर गारपीट झाली, तिचा मार ले क्लोलाही बसला. 2016 मध्ये एप्रिलअखेर कोंब फुटल्यावर दहिवर गोठलं, मागून गारा आल्या आणि त्यानंतर आपले द्राक्ष बागायतदार ज्याला डाऊनी म्हणतात तो रोग. 2017 मध्ये पुन्हा एप्रिलातच पाला गोठला. अशा रात्री काही मळ्यांत वेलींवर पाण्याचे फवारे चालू ठेवतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि बर्फाच्या त्या कवचात कोवळा कोंब शून्याच्या आसपास तगून राहतो. अट एकच, पहाटे पंप बंद पडता कामा नये. 2018 गरम आणि भरघोस पिकाचं. 2019 आणि 2020 ही उष्ण व कोरडी, 2020 ची तोडणी तर ऑगस्टअखेरच सुरू झाली. 2021 मध्ये एप्रिलच्या सुरुवातीलाच दहिवराने पीक कापलं, आणि पुढे उन्हाळाभर पाऊस.

पण गोठलेल्या सालाची वाइन वाईटच असणार, हा निष्कर्ष घाईचा आहे. दहिवर प्रथम घडांची संख्या कमी करतं, चव पुढच्या चार-पाच महिन्यांत ठरते. द्राक्षात मुख्यत्वे दोन आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. उष्ण हवेत पिकताना फळ मॅलिक आम्ल वापरून टाकतं, टार्टारिक बरंचसं टिकतं. म्हणून 2018 मध्ये पिकलेल्या पीचसारखा भरीवपणा येतो, तर 2021 मध्ये लिंबाच्या सालीसारखी धार. ही धार नंतर थोडी बोथटही होते, कारण तळघरात जिवाणू मॅलिकचं रूपांतर सौम्य लॅक्टिक आम्लात करतात. हे ठाऊक असलं की ‘आंबट’ आणि ‘मऊ’ या दोन शब्दांमागे त्या वर्षीचा जुलै-ऑगस्ट उभा आहे हे समजतं.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो. रांगेतला प्रत्येक ग्लास दोन बाबतींत वेगळा आहे: साल वेगळं आणि वयही वेगळं. मग फरक कशामुळे, हे ठरवायचं कसं? उत्तर रांगेच्या आकारात आहे. वय एकाच दिशेने चालतं. रंग फिकट हिरवट-पिवळ्याकडून सोनेरीकडे जातो. किण्वनातून आलेले फळांचे ताजे वास पहिल्या काही वर्षांत विरतात आणि त्यांच्या जागी हेझलनट, मध, कधी अळिंबीचा वास येतो. हवामान मात्र नागमोडी जातं. 2014 चार वर्षांनी थोरलं असूनही 2018 पेक्षा टवटवीत लागलं, तर तिथे सालाने वयावर मात केली असं समजावं. जे पायरीपायरीने बदलतं ते बहुधा वयाचं, जे उड्या मारतं ते सालाचं, आणि जे आठही ग्लासांत सापडतं, शाब्लीच्या बाबतीत शेवटी जिभेवर रेंगाळणारी खारट, खडूसारखी कोरड, ते त्या जागेचं आणि ती वाइन करणाऱ्याचं.

तरी एक गुंता उरतोच, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. तापमानवाढही एकाच दिशेने चालली आहे. बरगंडीतल्याच बोन शहराच्या 1354 ते 2018 या काळातल्या तोडणीच्या तारखा संशोधकांनी जुळवल्या. 1988 पासूनची तोडणी आधीच्या शतकांच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस लवकर होते आहे. म्हणजे ताजी सालं ताजी म्हणून फळदार लागतात की उन्हामुळे, हे वेगळं काढणं अवघड होतं. म्हणूनच 2021 सारखं रांग मोडणारं साल अमूल्य. ते कोवळं आहे आणि थंडही. गुणांकनाच्या तक्त्यात अशी सालं खाली ढकलली जातात, पण समजून घ्यायचं असेल तर ती बाटली सर्वांत आधी मिळवावी.

दुसरा आक्षेप असा की चव ही सूचनेला बळी पडते, लेबल दिसलं की तसंच लागतं. हे अगदी खरं आहे. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग मिसळून दिला गेला, आणि त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. पण त्यातून टेस्टिंग निरर्थक ठरत नाही, ते नीट करावं लागतं एवढंच. मित्र हवेत ते इथे. एकाने बाटल्या झाकून क्रम बदलून ओताव्यात, बाकीच्यांनी न बोलता टिपणं काढावीत, ग्लास वयाच्या क्रमाने लावून पाहावेत, आणि मगच तोंड उघडावं. पहिला मोठ्याने बोलणारा माणूस सगळ्यांच्या जिभा आपल्याकडे ओढतो. वाइन फार गारही नको, दहा-बारा अंशांखाली वास मिटतात. आणि थुंकायला भांडं हवंच: प्रत्येकी 50 मिलीचे आठ ग्लास म्हणजे जवळजवळ 40 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, शेवटच्या ग्लासाबद्दलचं मत मग कुणाचंच भरवशाचं राहत नाही.

तिसरा आक्षेप बाटलीचा. बरगंडीच्या पांढऱ्या वाइनना 1990 च्या दशकाच्या मध्यापासून अकाली ऑक्सिडेशनने ग्रासलं. वीस वर्षं टिकावी अशी वाइन सातव्या-आठव्या वर्षी तपकिरी व्हायची, आणि तीही एकाच पेटीतल्या एखाद्या बाटलीत. त्यानंतर अनेक उत्पादक साधं बूच सोडून कुटून-दाबून केलेल्या बुचांकडे वळले. ले क्लोमध्ये मोठी जमीन असलेले विल्यम फेव्र त्यातलेच. तेव्हा एक बाटली फिकी निघाली म्हणून ते साल बाद करू नये, शक्य असेल तर त्या सालाची दुसरी उघडावी. एवढी काळजी घेतल्यावरही आपल्या हाती येते ती शक्यता, पुरावा नव्हे, हे मान्य करायला हवं.

आणि खर्च? ग्रँ क्रूची आठ सालं जमवणं भारतात बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण तर्क साध्या शाब्लीच्या चार सालांवरही तितकाच चालतो, आणि एक बाटली दहा-बारा जणांना पुरते. मला खरी उणीव वाटते ती घरची. महाराष्ट्रात अकलूज परिसरात फ्रातेल्ली या वायनरीने शार्डोने लावली आहे. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. धास्ती दहिवराची नसते, अवकाळी पावसाची आणि भुरीची असते. म्हणून शाब्लीचे निष्कर्ष इथे चिकटवता येणार नाहीत, आपली रांग आपल्यालाच लावावी लागेल. पण आपल्या पांढऱ्या वाइन बहुधा वर्ष-दोन वर्षांत पिऊन संपतात आणि जुनी सालं शोधूनही मिळत नाहीत. वायनरींनी प्रत्येक हंगामाच्या चार पेट्या थंड जागी राखून ठेवाव्यात, सोबत तोडणीची तारीख आणि त्या मोसमातल्या पावसाची नोंद ठेवावी. दहा वर्षांनी त्या आठ-दहा बाटल्या उघडणाऱ्यांना अकलूजच्या जमिनीबद्दल काहीतरी ठामपणे म्हणता येईल.